गाडी किती देते?

हुबळी-धारवाडात दुचाकीबद्दल एकच प्रश्न विचारला जातो. "एष्ट कोडतैत्री?" म्हणजे, किती देते? आमच्या घरी मराठीत विचारलं तरी तोच प्रश्न, तेवढ्याच शब्दांत. त्यात पेट्रोल नाही, लिटर नाही, किलोमीटर नाही, तरी समोरचा लगेच आकडा सांगतो, "साठ." त्यात त्यानं पाच-सात मिळवलेले असतात, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. मायलेज हा जाहिरातीतला शब्द. आमच्याकडे ते अ‍ॅव्हरेज.

बाबांच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं, त्याची ही गोष्ट. पण ती सांगायची तर आधी रस्त्याबद्दल सांगायला हवं, कारण त्या रस्त्याशिवाय तिला अर्थ नाही.

१९६२ मध्ये हुबळी आणि धारवाड या दोन गावांची मिळून एक महापालिका झाली. कागदावर एक, मधे वीस किलोमीटर. हे वीस किलोमीटर जोडतो तो जुना पुणे-बंगळूर रस्ता, अजूनही सगळ्यांच्या तोंडी 'पी. बी. रोड'. धारवाडच्या ज्युबिली सर्कलहून निघालं की टोल नाका, विद्यागिरी, गांधीनगर, सत्तूर, नवलूर, रायापूर, नवनगर, भैरिदेवरकोप्प, मग उणकल तलाव, बीव्हीबी कॉलेज आणि शेवटी हुबळीचा चेन्नम्मा सर्कल. मधल्या मार्गिकेतून 'चिगरी' धावतात, म्हणजे आपल्या बीआरटीएसच्या वातानुकूलित बसगाड्या. चिगरी म्हणजे हरीण. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांचं रीतसर उद्घाटन झालं. दुचाकीवाल्यांनी कडेच्या मार्गिकेतून जायचं आणि सिग्नलला थांबून हरणांकडे बघायचं.

नकाशावर दिसत नाही अशी एक गोष्ट या रस्त्याला आहे. धारवाड हुबळीपेक्षा उंच आहे, शंभर मीटरच्या आसपास. हुबळी काळ्या मातीच्या सपाटीवर, धारवाड मलनाडाच्या उंबरठ्यावर. त्यामुळेच धारवाडला दिवसभर जिटिजिटि पाऊस लागलेला असतो तेव्हा हुबळीत लोक घाम पुसत असतात. हा चढ डोळ्यांना जाणवत नाही, कारण वीस किलोमीटरमध्ये तो वाटला गेला आहे. गाडीला मात्र जाणवतो. गाडी आणि चालवणारा मिळून १८० किलो धरले, तर तेवढं वजन शंभर मीटर वर उचलायला इंजिनाला साधारण पंचवीस-तीस मिली पेट्रोल जादा जाळावं लागतं. एका बाजूच्या प्रवासाला साडेतीनशे मिली लागतं असं धरा, म्हणजे हा हिशेब किरकोळ नाही हे लक्षात येईल. शिवाय पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. हुबळीहून धारवाडला येताना आपण वायव्येकडे येत असतो, म्हणजे चढही समोर आणि वाराही समोर. जाताना दोन्ही पाठीशी. म्हणून इथं कुणी "हुबळीला जाताना सत्तर दिलं" म्हणालं तर ते खोटं असतंच असं नाही. फक्त परतीचा आकडा तो सांगत नाही.

बाबांची गाडी शंभर सीसीची, २००८ सालची, केए २५ नंबरची. कंपनीचं नाव सांगत नाही. तुमच्या आई-बाबांच्या घरी जिन्याखाली जी उभी आहे तीच समजा. २०२३ मध्ये पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण केलं; ते पाच वर्षांसाठी असतं, म्हणजे २०२८ पर्यंत कागद पक्के. आम्ही राहतो साधनकेरीच्या बाजूला. बेंद्र्यांची साधनकेरी. घरात मराठी बोलणारे बेंद्रे कन्नडचे वरकवी झाले आणि १९७३ चा ज्ञानपीठ घेऊन आले. त्याच १९७३ चा साहित्य अकादमीचा मराठी पुरस्कार धारवाडातच राहणाऱ्या जी. ए. कुलकर्ण्यांना जाहीर झाला. एका गावात, एका वर्षी, दोन भाषांत. बाबा निवृत्त शिक्षक असल्यामुळे ही माहिती दूधवाल्यालाही सांगतात, तेव्हा तुम्हालाही सांगून टाकली.

बाबांचे थोरले भाऊ, आमचे आण्णा, हुबळीला केशवापुरात राहतात. त्यांची नजर आता वाचण्याइतकी राहिलेली नाही. आठवड्यातून तीनदा बाबा गाडी काढून जातात, त्यांना मराठी पेपर वाचून दाखवतात, दोघं चहा पितात, एखाद्या बातमीवरून भांडतात आणि बाबा परत येतात. हे सात-आठ वर्षं चाललं होतं. गेल्या पावसाळ्यात आईनं मला फोनवर सांगितलं की तीन फेऱ्यांची एक झाली आहे. विचारलं तर म्हणतात गाडी फार पेट्रोल पिते. पुण्याहून ताईचं म्हणणं, गाडी देऊन टाका, चिगरीनं जा. ताई चूक नाही. पण साधनकेरीहून बसच्या थांब्यापर्यंत एक रिक्षा, पलीकडे उतरून केशवापूरला दुसरी, हे बाबांना जमणारं नव्हतं. म्हणजे जमलं असतं, पण ते गेले नसते. एकाहत्तराव्या वर्षी माणूस एकदा एखादी फेरी बंद करतो, ती पुन्हा सहसा सुरू होत नाही.

मी शिकलो मेकॅनिकल, हुबळीच्या बीव्हीबीत, आणि पोटापाण्याला लागलो सॉफ्टवेअरमध्ये. माझ्या वर्गातल्या निम्म्यांची हीच कथा. ऑगस्टच्या अखेरीस, पावसानं उघडीप दिली तेव्हा, महिनाभर घरून काम करायची परवानगी काढून मी बंगळूरहून धारवाडला आलो. सकाळची मीटिंग अकराला असायची. त्याआधीचा वेळ गाडीचा.

पहिला प्रश्न, किती देते? "चाळीस-पंचेचाळीस असेल," बाबा म्हणाले. असेल यावर काम चालत नाही. पेट्रोलचा काटा पाहून किंवा रिझर्व्ह लागल्यावर अंदाज करून अ‍ॅव्हरेज कळत नाही. टाकी भरून काढायचं असतं. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून, एकाच पंपावर, टाकीच्या गळ्यातल्या ठरावीक खुणेपर्यंत पेट्रोल भरायचं. दीडशे-दोनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवायची. पुन्हा त्याच पंपावर त्याच खुणेपर्यंत भरायचं. जेवढे लिटर मावले तेवढे जळले. भागाकार करा. पन्नास किलोमीटरवर हे केलं तर खुणेच्या वर-खाली गेलेलं अर्धा कप पेट्रोलही उत्तर बिघडवतं, म्हणून अंतर मोठं हवं.

किलोमीटर मोजणारं यंत्रही तपासायला हवं होतं. फोनवर रस्त्याचं अंतर लावून पाहिलं, तर वीस किलोमीटरला गाडीचा मीटर साडेवीस दाखवत होता. अडीच टक्के जास्त. म्हणजे आजवर बाबांनी सांगितलेला प्रत्येक आकडा अडीच टक्के फुगलेला. बाबांना हे आवडलं नाही.

आणखी एक अट मी घातली, चालवणार बाबाच. माझं वजन वेगळं, माझा हात वेगळा. गाडी कशी चालवली जाते यावर जेवढं पेट्रोल जातं, तेवढं कुठलाही स्क्रू फिरवून वाचत नाही. ताशी पंचेचाळीसऐवजी साठनं गेलं, तर हवेचा विरोध पावणेदोन पट होतो. बाबा पंचेचाळीसच्या वर जात नाहीत. तेव्हा ते गाडीवर आणि मी चिगरीत, दोघं आण्णांच्या घरी भेटायचो. रोज एक फेरी, चार दिवसांत चार. खिडकीतून बाबा दिसायचे, सत्तूरच्या आसपास, पांढरं हेल्मेट घालून, पाठ ताठ. पुढच्या सिग्नलला ते थांबायचे आणि हरीण पुढे निघून जायचं. नवलूरचे पेरू घेऊन बसलेल्या बायकांपाशी त्यांचा पाच मिनिटांचा थांबा ठरलेला. गाडी बंद करूनच बोलतात, हे मी नोंदवून ठेवलं.

चार फेऱ्यांचं उत्तर आलं ४४. बाबांच्या २०१० च्या डायरीत ६३ होतं. त्यातून मीटरची अडीच टक्के फूग काढली तर साडेएकसष्ट. म्हणजे प्रत्येक लिटरमागे सतरा-अठरा किलोमीटर कुठंतरी गळत होते.

आता कार्ब्युरेटर खोलायचा, असं तुम्हाला वाटेल. बाबांनाही वाटलं, मलाही हात शिवशिवत होते. आम्ही गाडी घेऊन जुन्या हुबळीतल्या मिस्त्रींकडे गेलो. हे बाबांचे जुने मिस्त्री. त्यांच्याकडे गाडी सोडून जायची सोय नाही, समोर बसून राहावं लागतं, आणि ते आपल्याशी कन्नड, मराठी आणि दखनी या तिन्ही भाषा एका वाक्यात बोलतात. मी कार्ब्युरेटर म्हणताच त्यांनी पाना खाली ठेवला. "तम्मा, मोदल गाळी नोडु." बाळा, आधी हवा बघ.

कन्नडमध्ये गाळी म्हणजे वारा आणि हवाही. त्यांना कुठली हवा म्हणायची होती ते मला पुढच्या तासाभरात कळलं. सगळ्याच.

पहिली टायरमधली. मागच्या टायरात हवा निम्म्याहून थोडीच जास्त होती. मऊ टायर रस्त्यावर जास्त चपटा होतो आणि प्रत्येक फेऱ्याला रबर दाबण्या-सोडण्यात ताकद जाते. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन त्यांनी मागचं चाक हातानं फिरवलं. सव्वा फेरा फिरून ते थांबलं. ब्रेक थोडासा सतत लागलेला होता. बाबांना कडक ब्रेक आवडतो आणि कुणीतरी तो त्यांच्या आवडीप्रमाणे आवळून दिला होता. ड्रम साफ करून, नट सैल केल्यावर चाक आपलं आपण पाच-सहा फेरे फिरत राहिलं. चेन कोरडी आणि ताणलेली, तिला तेल आणि योग्य ढील दिली. क्लचची केबलही पाहिली. ती फार ताणलेली असेल तर क्लच अर्धवट घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही.

दुसरी हवा एअर फिल्टरची. फिल्टर काढला आणि मिस्त्रींनी तो काहीही न बोलता बाबांच्या हातात दिला. रस्त्याचं काम, बीआरटीएसचं काम, लाल माती, काळी माती, सगळा पी. बी. रोड त्यात होता.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण फिल्टर आणि पेट्रोल यांचा संबंध बऱ्याच जणांना माहीत नसतो. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे वजनात. घनफळात सांगायचं तर धारवाडच्या उंचीवर एक लिटर पेट्रोलला सुमारे दहा हजार लिटर हवा. म्हणजे आपण पेट्रोलचे पैसे देतो, पण इंजिन खातं ती मुख्यतः हवा. कार्ब्युरेटर हे हे मिश्रण करणारं साधं यंत्र. मधे अरुंद झालेल्या नळीतून हवा जाते, अरुंद जागी तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. खालच्या वाटीत पेट्रोल असतं, त्यावर बाहेरचा पूर्ण दाब असतो, म्हणून ते बारीक भोकांतून वर ढकललं जातं आणि हवेत फवारलं जातं. त्या भोकांना जेट म्हणतात. बस एवढंच. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही. फिल्टर चोंदला की इंजिन नळीतली हवा जास्त जोरानं ओढू लागतं, तिथला दाब आणखी उतरतो, वाटीवर मात्र बाहेरचा दाब तसाच असतो. म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. यंत्र बिघडलेलं नसतानाही पेट्रोल पिऊ लागतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक दुचाकींत फ्युएल इंजेक्शन बसलं, तिथं हा हिशेब संगणक करतो. त्याआधीच्या लाखो गाड्यांत तो अजून वारा आणि पितळेचं भोक मिळून करतात.

नवा फिल्टर, नवा स्पार्क प्लग. जुना प्लग काजळीनं काळा होता. प्लगचा रंग म्हणजे इंजिनाची जीभ. काळी मऊ काजळी असेल तर पेट्रोल जास्त, बिस्किटाचा रंग असेल तर ठीक, पांढरट असेल तर हवा जास्त आणि इंजिन तापतं आहे. थंड इंजिनावर टॅपेटही तपासून घेतले. कार्ब्युरेटरला त्या दिवशी हात लावला नाही. मिस्त्रींचं म्हणणं, "एका वेळी सगळं बदललं तर कशानं बरं झालं ते डॉक्टरलाबी कळत नाही." आमच्या धंद्यात हेच शिकवायला वेगळे पगारी लोक ठेवतात.

पुन्हा चार दिवस, चार फेऱ्या. ५१. स्क्रूला हात न लावता सात किलोमीटर परत आले. खर्च बहुतेक फिल्टर आणि प्लगचा. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, की कार्ब्युरेटरवर संशय घ्यायच्या आधी हे सगळं करा. बहुतेक वेळा गोष्ट इथंच संपते.

आमची संपली नव्हती, कारण गाडी सकाळी चोक न देता एका किकमध्ये सुरू व्हायची. बाबा हे कौतुकानं सांगायचे. मिस्त्रींनी मान हलवली. सप्टेंबरच्या धारवाडी सकाळी, गारठ्यात, वीस-एकवीस अंशांना, बंद इंजिनाला चोक लागत नाही म्हणजे पेट्रोल आधीच जास्त आहे.

दुसऱ्या भेटीत कार्ब्युरेटर उतरला. वाटी खोलली तेव्हा तळाशी तपकिरी चिकट थर आणि थोडं पाणी. फ्लोटची सुई, जी वाटी भरली की पेट्रोल बंद करते, तिच्या टोकाला खोलगट कडं पडलं होतं. त्यामुळे वाटीतली पातळी हवी त्याहून वर राहत होती. पण खरा चोर दुसराच निघाला.

थ्रॉटल किती उघडं आहे त्यावर कार्ब्युरेटरचा कुठला भाग काम करतो ते ठरतं. गाडी जागेवर उभी असताना आणि मूठ जेमतेम पिळलेली असताना पायलट जेट. पूर्ण पिळली की मेन जेट. मधल्या सगळ्या पट्ट्यात, साधारण पावपासून पाऊणपर्यंत, एक लांब निमुळती सुई काम करते. ती एका भोकात वर-खाली होते आणि जेवढी वर जाईल तेवढी पेट्रोलला जागा देते. आता पी. बी. रोडवर पंचेचाळीसच्या वेगानं जाणारा माणूस कुठं असतो? या सुईवर. सतरा वर्षं ती सुई त्याच भोकात, त्याच उंचीवर थरथरत होती. मिस्त्रींनी भोक उजेडासमोर धरून मला दाखवलं. ते गोल राहिलं नव्हतं, लंबगोल झालं होतं. सुईवरही एका जागी चकाकता पट्टा होता. रोजच्या वेगाला जिथं सुई असते, नेमकी तिथंच ती झिजली होती. बाबा कधी साठनं गेले असते तर झीज थोडी वाटली गेली असती, असं मी म्हणालो. त्यावर कुणी हसलं नाही.

सुई, तिचं भोक, फ्लोटची सुई आणि वाटीचं रबर, हे सगळं एका किटमध्ये मिळतं. मिस्त्रींनी किटची पेटी उघडून नंबर वाचले, जुन्या जेटवरच्या नंबरांशी ताडून पाहिले आणि पहिलं किट परत पाठवलं. स्वस्त किटमध्ये भोकाचा आकार नंबरप्रमाणे असेलच असं नसतं, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक इथं अ‍ॅव्हरेजमध्ये दिसतो. दुसरं किट बसलं. जेट साफ करताना त्यांनी तार घातली नाही, फक्त स्प्रे आणि दाबाची हवा. पुन्हा गाळी.

मग ट्यूनिंग. ज्याला आपण कार्ब्युरेटर सेट करणं म्हणतो, ते इतकं झाल्यावर येतं आणि दहा मिनिटांत होतं. इंजिन पाच-सहा किलोमीटर चालवून गरम करून घ्यायचं. बाहेर दोन स्क्रू असतात. एक स्लोचा, तो फक्त थ्रॉटलची झडप किंचित उचलून धरतो. दुसरा मिश्रणाचा, आणि गोंधळ इथंच होतो. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो. आत आवळला की हवा कमी, पेट्रोल जास्त. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रण सोडतो. आत आवळला की पेट्रोल कमी. म्हणजे एका गाडीवर जो फेरा पेट्रोल वाचवतो, तोच दुसऱ्या गाडीवर वाढवतो. व्हिडिओ पाहून स्क्रू फिरवणाऱ्यांनी आधी तो कुठल्या बाजूला आहे ते बघावं.

मिस्त्रींनी तो हलक्या हातानं पूर्ण आत नेला, मग दीड फेरा बाहेर. स्लो थोडा वाढवून ठेवला. नंतर पाव-पाव फेरा फिरवत आवाज ऐकत राहिले. एका जागी इंजिन आपोआप थोडं जोरात पळायला लागतं. त्याच्या पुढेही मंदावतं, मागेही मंदावतं. ती जागा पकडायची, मग स्लो खाली आणायचा आणि पुन्हा एकदा ऐकायचं. जुन्या हुबळीच्या त्या गल्लीत हॉर्न, शेजारी ग्राइंडर, तरी त्यांना ती जागा सापडली. बाबा म्हणाले, तंबोरा लावल्यासारखं आहे. धारवाडचा माणूस दुसरं काय म्हणणार?

मला कानावर सोडायचं नव्हतं. कर्नाटकात पीयूसीला सगळे 'एमिशन टेस्ट' म्हणतात; रस्त्याच्या कडेला व्हॅन उभ्या असतात. त्यांच्याकडे धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र असतं. पेट्रोल अर्धवट जळलं की तो वाढतो. २००० नंतरच्या आणि बीएस-६ आधीच्या अशा चार-स्ट्रोक गाड्यांना मर्यादा ३.५ टक्क्यांची. या कामाच्या आधी आमची गाडी ३.१ होती, म्हणजे पास. पास म्हणजे निरोगी नव्हे. मिस्त्रींच्या कानानं लावलेलं ट्यूनिंग आलं १.२. मी व्हॅनवाल्याला पैसे देऊन आणखी पाव फेरा हवा वाढवून पाहिली, आकडा पॉइंटात गेला. व्हॅनवाला खूश झाला. मिस्त्रींनी मात्र स्क्रू परत होता तिथं आणला. अ‍ॅव्हरेजच्या लोभानं हवा वाढवत गेलं की गाडी सिग्नलवरून उठताना अडखळते, चढाला मूठ जास्त पिळावी लागते आणि इंजिन तापतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या खर्चात वाचलेलं पेट्रोल निघून जातं. ज्या गावात गाडी चालते तिथंच ती ट्यून करावी हेही खरं. समुद्रसपाटीपेक्षा धारवाडची हवा सहा-सात टक्के विरळ, त्यामुळे कारवारला लावलेली गाडी इथं थोडी पेट्रोल-जास्त चालते.

तिसऱ्या चार फेऱ्या. ५८ ला थोडं कमी.

साडेएकसष्ट का नाही, हे बाबांनी विचारलंच. त्यातला काही भाग पेट्रोलमध्येच गेला. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, आपल्याच बेळगाव-बागलकोटकडच्या उसातूनही येणारं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. साधा गुणाकार केला तर वीस टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या पद्धतीच्या, दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींना तीन ते चार टक्के घट धरली होती. आमची घट सहाच्या जवळ. उरलेलं वयाचं. सतरा वर्षांच्या रिंग-पिस्टनकडून याहून जास्त मागू नये.

पैशांत हे फार नाही. आठवड्याला तीन फेऱ्या, म्हणजे एकशे पस्तीसेक किलोमीटर. ४४ वरून ५८ वर आलं म्हणजे पाऊण लिटर वाचलं. ताईनं हा हिशेब फोनवर लगेच केला आणि "एवढ्यासाठी?" असं विचारलं. मी तिला आण्णांशी बोल म्हणालो. चाचणीच्या निमित्तानं बाबा बारा वेळा त्यांच्याकडे गेले होते. आण्णांना स्क्रू, सुई यांत रस नव्हता, पण रोज सकाळी बाबा दारात आले की ते आतून ओरडून विचारायचे, "आज किती दिलं?" चार दिवस झाल्याशिवाय कळत नाही हे बाबा रोज समजावून सांगायचे, मग पेपर उघडायचे.

सप्टेंबरच्या शेवटी मी निघालो तेव्हा फेऱ्या तीनावर आल्या होत्या. ताईचा मुद्दा २०२८ मध्ये पुन्हा निघेल आणि तेव्हा तो बरोबर असेल, कदाचित. तोवरची सोय म्हणून डाव्या बाजूच्या पत्र्याच्या आत मी कागद चिकटवला आहे, स्क्रू दीड फेऱ्याहून पाव जास्त बाहेर, टायरची हवा, फिल्टर बदलल्याची तारीख. खाली बाबांनी शाईच्या पेनानं एक ओळ वाढवली आहे. दिवाळीत ते दोघं पंधरा दिवस ताईकडे पुण्याला जातात, तेव्हासाठी. इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि बंद गाडीच्या वाटीत तो तपकिरी थर साठतो, म्हणून जाण्याआधी टाकीचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. मग वाटी कोरडी राहते.